ग्लो प्लग प्रज्वलक

प्रतिकृती नौका, विमाने व मोटारगाड्या यांत बसविलेल्या लहान अंतर्ज्वलन-एंजिनातील ग्लो प्लगाची तार एंजिन सुरू करतेवेळी तापवून लाल करणारे सुवाह्य विद्युत् साधन. एक विद्युत् घट अथवा घटमाला, तिचा विद्युत् दाब प्लगाला सोसेल इतका ठेवणारी योजना, एक दाबकळ व प्लगावर घट्ट बसणारी पकड असे त्याचे मुख्य भाग होत. एंजिन चालू झाले की, प्रज्वलक काढून घेतात. तो नौकेबरोबर जात नाही. तयार प्रज्वलक विकत मिळत असले, तरी हे साधन शालेय पदार्थविज्ञानाच्या ज्ञानावर आणि थोड्या हातकामावर घरी बनविता येते. पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीसारख्या विद्युत् साहित्याच्या बाजारात त्याचे बहुतेक सर्व भाग मिळतात. तथापि वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या साधनात एक अडचण दडलेली असते. त्यातील विद्युत् दाब अत्यल्प, परंतु विद्युत् प्रवाह मोठा असतो. त्यामुळे घरगुती विद्युत् मंडलात नगण्य ठरणारे तारांचे व सांध्यांचे रोध येथे निर्णायक ठरतात. घरी बनविलेला प्रज्वलक निकामी ठरण्याचे कारण बहुधा हेच असते.

ग्लो प्लग व त्याचे कार्य : ग्लो प्लग दिसावयास मोटारीच्या स्पार्क प्लगाच्या लहान आवृत्तीसारखा असतो, मात्र त्यात ठिणगी पडण्यासाठी फट नसते. त्याच्या तळाच्या पोकळीत बारीक तारेचे एक वेटोळे असते. ही तार प्लॅटिनमाची किंवा प्लॅटिनमात ऱ्होडियम वा इरिडियम मिसळून केलेल्या मिश्रधातूची असते. वेटोळ्याचे एक टोक प्लगाच्या धातूच्या कवचाला व दुसरे मधल्या निरोधित खुंटीला जोडलेले असते. म्हणून प्रज्वलकाची एक बाजू खुंटीला व दुसरी कवचाला अथवा एंजिनाच्या अंगाला जोडली की, मंडल पूर्ण होते. बहुतेक प्लगांचे आटे १/४ इंच व्यासाचे आणि इंचास ३२ या प्रमाणाचे असतात. प्लग व सिलिंडरचे डोके यांच्यामध्ये तांब्याची चकती घालतात.

या एंजिनांचे इंधन म्हणजे मिथेनॉल, वंगणतेल व काही वेळा नायट्रोमिथेन यांचे मिश्रण होय. वंगणासाठी एरंडेल किंवा संश्लेषित तेल वापरतात. मिथेनॉलाची वाफ व हवा यांचे मिश्रण तापलेल्या प्लॅटिनमाच्या सान्निध्यात आले की, प्लॅटिनम उत्प्रेरकाचे कार्य करते (स्वतः न बदलता रासायनिक विक्रियेचा वेग वाढविते). पृष्ठभागावर होणाऱ्या या ऑक्सिडीकरणातून निर्माण होणारी उष्णता आणि सिलिंडरमधील ज्वलनाची उष्णता यांमुळे वेटोळे बाहेरून विद्युत् प्रवाह न मिळताही तप्त राहते. दट्ट्या वर येऊन मिश्रण दाबले गेले की, प्रत्येक आवर्तनात ते पुन्हा पेट घेते. पहिल्या काही आवर्तनांत मात्र सिलिंडर थंड असतो व वेटोळ्याला उष्णता पुरविणारे काहीच नसते. तेवढी काही सेकंदांची उणीव प्रज्वलक भरून काढतो.

येथे स्पार्क प्लगाप्रमाणे ठिणगीची वेळ ठरविणारी यंत्रणा नसते. मिश्रण केव्हा पेटावे हे संपीडन गुणोत्तर, इंधनाचे घटक, मिश्रणातील हवेचे प्रमाण व प्लगाची उष्णताधारण-क्षमता यांवर अवलंबून असते. म्हणून प्लग ‘उष्ण’, ‘मध्यम’ व ‘शीत’ अशा प्रकारांत बनवितात. जीपसारख्या जुन्या डीझेल गाड्यांत थंड एंजिन सुरू करण्यासाठी असणारा व कारागिरांच्या बोलीत ‘हीटर प्लग’ म्हटला जाणारा भाग हा याहून निराळा होय. त्याचे काम केवळ तापविण्याचे असते, त्यात प्लॅटिनमाच्या उत्प्रेरक गुणाचा संबंध नसतो व त्याचा विद्युत् दाबही वेगळा असतो.

इतिहास : तप्त प्लॅटिनमाची तार ज्वलनशील वायू व हवा यांच्या मिश्रणात ज्योतीशिवाय लाल राहते, हे हंफ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांना १८१७ मध्ये आढळून आले. खाणीतील सुरक्षादीपाविषयीच्या त्यांच्या संशोधनातून हे निरीक्षण पुढे आले. १८२३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेराइनर यांनी प्लॅटिनमाच्या साहाय्याने हायड्रोजन पेटविणारा दिवा तयार केला. तप्त पृष्ठभागाच्या योगाने एंजिनातील मिश्रण पेटविण्याची कल्पनाही जुनी आहे. गोट्लीप डाइमलर यांच्या १८८३ च्या एंजिनात बाहेरून तापविलेल्या नळीने प्रज्वलन होत असे, तर हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्यूअर्ट यांनी १८९० मध्ये तप्त कोठी असलेल्या तेल-एंजिनाचे एकस्व घेतले. प्रतिकृतींच्या एंजिनांत मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत प्रामुख्याने स्पार्क प्लगच वापरीत. त्यासाठी घटमाला, प्रवर्तन वेटोळे व धारित्र यांचे ओझे प्रतिकृतीवर लादावे लागे. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात आणला व हे सर्व ओझे एकदम नाहीसे झाले. प्रज्वलनाची विद्युत् सामग्री प्रतिकृतीतून निघून तिच्या मालकाच्या हाती आली. घरगुती प्रज्वलकाची परंपरा येथूनच सुरू होते.

विद्युत् गरज : सर्वसाधारण ग्लो प्लगासाठी १·५ व्होल्ट विद्युत् दाब विहित केलेला असतो व तो २·५ ते ४ अँपिअर प्रवाह घेतो. विवेचनाच्या सोयीसाठी ३ अँपिअर घेणारा प्लग उदाहरण म्हणून घेतल्यास तापलेल्या स्थितीत त्याचा रोध ०·५ ओहम व त्यात निर्माण होणारी उष्णताशक्ती ४·५ वॉट येते. साध्या हातबॅटरीच्या जुन्या पद्धतीच्या दिव्याला लागणाऱ्या प्रवाहाच्या सु. दहापट हा प्रवाह आहे.

आता या मंडलात तारा, दाबकळ व पकड यांचा मिळून केवळ ०·१ ओहम रोध आहे असे मानू. एकूण रोध ०·६ ओहम झाल्याने प्रवाह २·५ अँपिअरवर येतो, प्लगाच्या टोकांशी १·२५ व्होल्टच उरतात व उष्णता ४·५ वॉटवरून ३·१ वॉटवर उतरते. म्हणजे प्लगाला मिळणारी उष्णता जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. गंजलेली पकड, सैल पेच किंवा बारीक तार यांपैकी कोणत्याही एका कारणाने ०·१ ओहम रोध सहज वाढतो. १ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०१७ ओहम असतो. अशी एक मीटर लांबीची जोडतार जाऊन येऊन दोन मीटर भरते आणि ३ अँपिअरला सु. ०·१ व्होल्ट खाते. निम्म्या छेदाची तार वापरल्यास हा व्यय दुप्पट होतो. यावरून तारा शक्य तितक्या आखूड व जाड घ्याव्यात, हा पहिला नियम निघतो.

दुसरा नियम ओल्या प्लगाच्या वर्तनावरून समजतो. एंजिनात इंधन अधिक गेल्यास वेटोळे द्रव इंधनाने भिजते व थंड पडते. प्लॅटिनमाचा रोध तापमानाबरोबर वाढत असल्याने थंड वेटोळ्याचा रोध कमी, समजा ०·४ ओहम, होतो. टोकांशी विद्युत् दाब १·५ व्होल्ट कायम राहिला, तर उष्णता ५·६ वॉटपर्यंत वाढते. अधिक उष्णतेची गरज असतानाच ती आपोआप मिळते आणि प्लग लवकर वाळतो. याउलट १२ व्होल्टच्या घटमालेला ३·५ ओहमचा रोधक जोडून ३ अँपिअर प्रवाह घेतला असेल, तर प्लग भिजल्यावरही प्रवाह जेमतेम ३·१ अँपिअर होतो आणि उष्णता ३·८ वॉटपर्यंत घटते. भिजलेला प्लग त्यामुळे भिजलेलाच राहतो. तात्पर्य, प्रवाह स्थिर ठेवणारा नव्हे, तर विद्युत् दाब स्थिर ठेवणारा प्रज्वलक उत्तम होय.

प्रकार : (१) एकघटी प्रज्वलक : हा सर्वांत सोपा व नवशिक्याला योग्य असा प्रकार आहे. पूर्वी दूरध्वनीसाठी वापरला जाणारा सु. १५ सेंमी. उंचीचा मोठा १·५ व्होल्टचा शुष्क घट यासाठी वापरीत. हातबॅटरीतील जस्त-कार्बन घट मात्र यास उपयोगी पडत नाही. त्याचा अंतर्गत रोध मोठा असल्याने ३ अँपिअर प्रवाह घेताच त्याचा दाब कोसळतो. पुढे निकेल-कॅडमियम व त्यानंतर निकेल-धातू हायड्राइड घट प्रचारात आले. त्यांचा दाब १·२ व्होल्ट असला, तरी अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने तो जवळजवळ पूर्णपणे प्लगापर्यंत पोहोचतो आणि बहुतेक प्लग एंजिन सुरू होण्याइतके तापतात. मात्र येथे वाया घालविण्याजोगा दाब शिल्लक नसतो. म्हणून घट प्लगाच्या अगदी जवळ, पकडीच्या मुठीतच बसवितात. २ अँपिअर-तास धारणेचा घट ३ अँपिअर प्रवाह सु. ४० मिनिटे देऊ शकतो. प्रत्येक वेळी २० सेकंद लागतात असे धरल्यास एका भारणात सु. १२० वेळा एंजिन सुरू करता येईल. प्रत्यक्षात घट उतरत आल्यावर दाब घटू लागत असल्याने ही संख्या कमी भरते.

(२) शिसे-अम्ल घटाचा प्रज्वलक : शिसे-अम्ल घटाचा दाब २ व्होल्ट असतो व तो थेट जोडल्यास प्लगाची तार जळण्याचा संभव असतो. ३ अँपिअरला ०·५ व्होल्ट कमी करण्यासाठी ०·५ ÷ ३ = ०·१६७ ओहम इतका रोध मध्ये घालावा लागतो. विजेच्या शेगडीत असते तशी नायक्रोमची १ मिमी. व्यासाची तार घेतल्यास सु. १२ सेंमी. लांबी पुरते. जोडतारेचा सु. ०·०३४ ओहम रोध त्यातून वजा केल्यास ही लांबी सु. ९·५ सेंमी.वर येते. नायक्रोमला साधे डाख लागत नाही. म्हणून तिची टोके पितळी पेचांखाली दाबून बसवितात. सरकता पेच ठेवल्यास तारेची लांबी निरनिराळ्या प्लगांप्रमाणे कमीजास्त करता येते. या योजनेतील बाह्य रोध लहान असल्याने ती बरीच स्थिर असते : २·५ अँपिअरच्या प्लगाला सु. १·५७ व्होल्ट, तर ४ अँपिअरच्या प्लगाला सु. १·३८ व्होल्ट मिळतात.

(३) बारा व्होल्टवरील प्रज्वलक : एंजिन फिरविणाऱ्या विद्युत् चलित्रासाठी पाणवठ्याच्या काठी १२ व्होल्टची घटमाला बहुधा नेलेली असतेच; तिच्यावरच प्लग तापविणे सोयीचे ठरते. केवळ रोधक घालून हे केल्यास १०·५ व्होल्ट रोधकात खर्च होतात. प्लगात ४·५ वॉट, तर रोधकात ३१·५ वॉट म्हणजे एकूण शक्तीच्या साडेसत्त्याऐंशी टक्के उष्णतारूपाने वाया जातात. यावर खंडित प्रवाहाची योजना करतात. १९७०–८० या दशकात प्रचारात आलेले ५५५ या क्रमांकाचे कालमापक संकलित मंडल आणि मोठा प्रवाह सोसणारा क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर यांच्या साहाय्याने १२ व्होल्टचा दाब सेकंदाला शेकडो वेळा क्षणभर जोडला व तोडला जातो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे १·५ व्होल्टचा परिणाम साधण्यासाठी प्रवाह चालू असण्याचा काळ एकूण काळाच्या (१·५ ÷ १२)२ म्हणजे १/६४ इतकाच ठेवावा लागतो. साध्या भागाकाराने येणारे १/८ हे प्रमाण ठेवल्यास प्लगाला आठपट उष्णता मिळून तो तत्काळ जळतो. ही चूक वारंवार घडते. शिवाय प्रत्येक स्पंदात प्रवाह २४ अँपिअरपर्यंत चढत असल्याने ट्रँझिस्टर त्या क्षमतेचा लागतो.

याहून सुरक्षित पर्याय म्हणजे वेटोळे व धारित्र यांच्या साहाय्याने सलग अल्प दाब देणारा दाबघट परिवर्तक होय. त्याचे तयार छोटे फलक ५ अँपिअरपर्यंतच्या क्षमतेत बाजारात मिळतात. कार्यक्षमता शंभर टक्के मानल्यास असा फलक प्लगाला ३ अँपिअर देताना घटमालेतून केवळ ०·३८ अँपिअर घेईल. प्रत्यक्षात व्यय धरून प्रवाह काहीसा अधिक लागतो. प्लग जोडण्यापूर्वी व्होल्टमापकावर पाहून दाब १·५ व्होल्टवर आणणे अत्यावश्यक आहे. या फलकांतील समायोजन पेच कोठेही असू शकतो आणि पहिल्या जोडणीतच प्लग गमावण्याची वेळ येऊ शकते.

साहित्य व बुधवार पेठ : पुण्याच्या जुन्या पेठांत व्यवसायांची आळीवार विभागणी अद्याप बऱ्याच अंशी टिकून आहे व अशा हातकामाला ती उपकारक ठरते. बुधवार पेठेतील तापकीर गल्ली व तिच्या लगतचा परिसर हा विद्युत् व इलेक्ट्रॉनिकीय साहित्याचा शहरातील प्रमुख बाजार होय. जोडतारा, दाबकळा, वितळतारा, रोधक, ट्रँझिस्टर, संकलित मंडले, मापके, मगरचिमटे, डाखकामाची सामग्री व भारणयोग्य घट येथे सुटे मिळतात. एक-दोन नगांची खरेदीही येथे होऊ शकते. पितळी नळ्या, सळ्या, पेच व हत्यारे यांसाठी जवळच्या रविवार पेठेतील बोहरी आळी सोयीची आहे. बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेली मापके व यंत्रांचे सुटे भाग मिळू शकतात. तेथे घेतलेला अँपिअरमापक वापरण्यापूर्वी ज्ञात प्रवाहावर पडताळून घ्यावा लागतो.

खरेदी करताना काही गोष्टींकडे लक्ष पुरवावे लागते. दाबकळेवर २३० व्होल्टला ६ अँपिअर अशी क्षमता छापलेली असली, तरी तिच्या स्पर्शबिंदूंचा रोध अल्प असेलच असे नाही. जोरात दाबल्या जाणाऱ्या व रुंद स्पर्शबिंदूंच्या दाबकळेला प्राधान्य द्यावे. जोडतार अनेक बारीक तंतूंची, लवचिक व किमान १·५ चौ. मिमी. छेदाची असावी. घटाला कारखान्यातच जोडलेल्या धातूच्या पट्ट्या असाव्यात, कारण घटावर थेट डाख दिल्यास उष्णतेने त्याच्या आतील पडदे व झडप बिघडतात. मगरचिमट्याचे दात व त्याची तार यांमधील सांधा केवळ दाबून बसविलेला असल्यास त्यावर डाख द्यावे.

रचना : एकघटी प्रज्वलकाची पुढील रचना सोपी व टिकाऊ ठरते. घट सहज आत जाईल अशा व्यासाची प्लॅस्टिकची नळी मूठ म्हणून घेतात. तिच्या पुढील टोकात निरोधक पदार्थाची जाड चकती बसवून तिच्या मधोमध एक पितळी सळई सरकती ठेवतात. सळईच्या टोकाला प्लगाच्या खुंटीवर बसेल अशी खोलगट वाटी कोरलेली असते व मागे लहान मळसूत्री स्प्रिंग असते. ही सळई घटाच्या एका ध्रुवाला लवचिक तारेने जोडतात. प्रवाह स्प्रिंगमधून जाऊ देऊ नये, कारण पोलादाचा रोध तांब्याच्या कित्येक पट असतो. सळईभोवती, तिला कोठेही स्पर्श न करता, पितळी नळी बसवितात. या नळीच्या कडेला खाच पाडून व तिचे ओठ किंचित आत वळवून ती प्लगाच्या षट्कोनी भागाखाली अडकेल अशी करतात. ती दाबकळेमार्गे घटाच्या दुसऱ्या ध्रुवाला जोडतात. स्प्रिंगचा ताण सळईला खुंटीवर व नळीला षट्कोनाखाली दाबून धरतो. त्यामुळे दोन्ही स्पर्श पक्के राहतात व प्रज्वलक हाताने न धरताही जागी टिकतो.

शर्यती नौकेत एंजिन सांगाड्याच्या आत खोल बसलेले असते व सिलिंडरच्या डोक्याभोवती पाण्याने थंड होणारे कवच असते. म्हणून विमानाच्या एंजिनासाठी पुरणारी आखूड पकड येथे अपुरी पडते. सळई व नळी यांची लांबी आपल्या नौकेप्रमाणे मोजून ठरवावी लागते. पाण्याच्या तुषारांनी पितळ काळवंडते, त्यामुळे स्पर्शाचे पृष्ठभाग प्रत्येक वापरापूर्वी बारीक पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करतात.

प्रज्वलकात ० ते ५ अँपिअर मोजणारा मापक घातल्यास तो केवळ शोभेचा न राहता दोष शोधण्याचे साधन बनतो. काटा मुळीच हलला नाही, तर तार तुटलेली किंवा पकड नीट बसलेली नसते. काटा टोकाला आपटल्यास सळई व नळी एकमेकींना टेकल्या आहेत असे समजावे. काटा नेहमीपेक्षा थोडा वर राहून हळूहळू खाली आला, तर प्लग भिजलेला असून वाळत आहे. तो नेहमीपेक्षा खाली राहिल्यास घट उतरलेला अथवा सांधा सैल असतो. नौकेचे आच्छादन न उघडता व प्लग न काढता एवढी माहिती मिळणे शर्यतीच्या घाईत मोलाचे ठरते.

चाचणी : सुटा प्लग चिमट्याने धरून प्रज्वलक जोडावा व सावलीत वेटोळ्याचा रंग पाहावा. सर्व वेढे एकसारखे तेजस्वी नारिंगी दिसल्यास दाब योग्य असतो. मंद लाल रंग दाब अपुरा असल्याचे व पिवळट पांढरा रंग तो फाजील असल्याचे दर्शवितो. फक्त काही वेढे तापत असतील, तर वेढे परस्परांना चिकटलेले असून प्लग बदलणे इष्ट असते. प्रज्वलक चालू असताना दाब प्लगाच्या टोकांशीच मोजावा; घटाच्या टोकांशी मोजलेला दाब दिशाभूल करतो. दोन्हींतील फरक हाच वाटेतील रोधाचा व्यय होय व तो ०·१ व्होल्टहून अधिक असल्यास प्रत्येक सांधा तपासावा. इंधनाजवळ ही चाचणी कधीही करू नये.

शर्यतीतील उपयोग : नाव्हिगा या १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत अंतर्ज्वलन-एंजिनांच्या नौकांचे ३·५, ७·५ व १५ घ. सेंमी. असे वर्ग आहेत. दीर्घ शर्यतीत नेमून दिलेल्या वेळात अधिकाधिक फेऱ्या पुऱ्या करावयाच्या असतात. एंजिन मध्येच बंद पडल्यास नौका काठावर आणून पुन्हा सुरू करता येते, पण घड्याळ थांबत नाही. अशा वेळी उतरलेला घट किंवा सैल पकड यांमुळे गेलेला वेळ एंजिनाच्या वेगाने सहसा भरून निघत नाही.

नौकेच्या एंजिनाच्या गतिपालक चाकावर रबरी पट्टा घालून तो विद्युत् चलित्राने फिरवितात, अथवा दोरी ओढून एंजिनाला गती देतात. प्रथम इंधनाची व मिश्रणाची तयारी करून शेवटी प्रज्वलक बसवितात. एंजिन स्थिर गतीने चालू लागताच प्रज्वलक काढून नौका ताबडतोब पाण्यात सोडतात. कारण थंड करणारे पाणी नौका धावू लागल्यावरच एंजिनाच्या कवचात शिरते व काठावर एंजिन फार वेळ चालविल्यास ते अतितप्त होते. प्रज्वलक काढताच एंजिन बंद पडत असेल, तर प्लग फार शीत प्रकारचा आहे, तो जीर्ण झाला आहे किंवा मिश्रणात इंधन अधिक आहे असे अनुमान काढतात. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेच्या प्रशिक्षणात नौकांच्या प्रतिकृती बनविण्याचा समावेश आहे व अनेक विद्यार्थ्यांचा या छंदाशी पहिला परिचय तेथेच होतो.

धोके व दक्षता : विजेच्या दृष्टीने १·५ व्होल्टपासून शरीराला धक्का बसण्याचा धोका नाही, धोका आहे तो उष्णतेचा, इंधनाचा व फिरत्या भागांचा. भारणयोग्य निकेल घटाचे ध्रुव किल्ली वा नाणे यांमुळे जोडले गेल्यास क्षणात अनेक दशक अँपिअर प्रवाह वाहतो व तार लाल होऊन खिशातील कापड पेट घेऊ शकते. म्हणून पकडीच्या तोंडावर टोपण असावे आणि घटाच्या अगदी जवळ ५ अँपिअरची वितळतार घालावी. वितळतार जोडतारांचे व घटाचे रक्षण करते. प्लगाच्या बारीक तारेचे रक्षण तिच्याकडून होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

मिथेनॉलाची वाफ सु. ११° से. तापमानालाच ठिणगीने पेट घेते आणि त्याची निळसर ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे पेटलेले इंधन पाहणाऱ्याच्या लक्षात येण्यापूर्वीच हात भाजू शकतो. पकड जोडताना व काढताना ठिणगी पडत असल्याने सांडलेले इंधन आधी पुसून घ्यावे, इंधनाचा डबा बंद करून दूर ठेवावा व पकड काढताना दाबकळ सोडलेली असावी. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळत असल्याने लहान आग भरपूर पाणी ओतून विझविता येते; पाण्याची बादली जवळ असणे म्हणूनच आवश्यक आहे.

मिथेनॉल हे तीव्र विष आहे. ते पोटात गेल्यास दृष्टी जाते व मृत्यूही ओढवतो. त्वचेतूनही ते शरीरात शिरते. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलयुक्त दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या विक्रीवर व साठ्यावर कायद्याने नियंत्रण आहे. ते परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे व पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मुलांनी हे काम वडीलधाऱ्या जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. एंजिनातून जळके व न जळलेले तेल पाण्यात मिसळते. त्यामुळे खडकवासल्यासारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात अशा नौका चालविणे योग्य नव्हे. निकामी झालेल्या घटांतील कॅडमियम व शिसे विषारी असल्याने ते कचऱ्यात न टाकता संकलन केंद्राकडे द्यावेत; त्यांच्या विल्हेवाटीसाठी भारतात २०२२ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात लिथियम घटमाला व ब्रशरहित विद्युत् चलित्रे यांच्या प्रसारामुळे प्रतिकृती नौकांच्या क्षेत्रात ग्लो प्लग एंजिनांचे स्थान आकुंचित झाले आहे, तर मोठ्या नौकांत स्पार्क प्लग असलेली पेट्रोल एंजिने वापरली जातात. तरीही कमी वजनात मोठी शक्ती, साधी रचना व क्षणात इंधन भरून पुन्हा धावण्याची सोय यांमुळे ग्लो प्लग एंजिने शर्यतींत टिकून आहेत. घरी बनविलेल्या प्रज्वलकाचे शैक्षणिक मूल्यही कमी नाही. ओहमचा नियम, तापमानाबरोबर बदलणारा रोध, घटाचा अंतर्गत रोध, उष्णता व दाबाचा वर्ग यांतील संबंध आणि उत्प्रेरण या पाठ्यपुस्तकांत विखुरलेल्या गोष्टी या एका लहान उपकरणात एकत्र पडताळून पाहता येतात आणि त्यांपैकी एकीकडेही दुर्लक्ष केल्यास एंजिन सुरू होत नाही.